तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्याचा सिनेमा अडतो कुठे?

दर नोव्हेंबरात कुणी ना कुणी विचारतंच, 'इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४पासून तुमच्या पणजीत भरतो, मग गोव्याचा स्वतःचा सिनेमा इतका थोडा का? देवाधर्माची अडचण होते का?' होते. पण 'करू नका' असं तोंडावर क्वचितच कुणी सांगतं.

आमची मराठी नाटकं देवळाच्या मांडवात वाढली. जत्रेच्या रात्री पालखी आत गेली की पडदा उघडतो आणि पुढच्या रांगेत महाजन, म्हणजे वंशपरंपरेने देवळाचा कारभार बघणारे, बसलेले असतात. माझा पहिला संवाद मी तिथेच म्हटला, नववीत असताना. त्या मांडवाचं ऋण मी विसरलेली नाही.

पुढे फोंड्याकडच्या एका गावात लघुपट करायला घेतला. एक विधवा सवाष्णींच्या रांगेत उभी राहून देवीची ओटी भरते, एवढाच प्रसंग. देवळात शूटिंग करायचा माझा अर्ज देवस्थान समितीने नाकारला नाही. 'पुढच्या बैठकीत बघूया' असं तीनदा सांगितलं. मग समितीतले एक वयस्कर काका तुळशीवृंदावनापाशी मला थांबवून हळूच म्हणाले, "बाय, तुजें शूटिंग दोन दिसांचें. आमकां हांगाच रावपाचें." म्हणजे, आम्हाला इथेच राहायचंय. त्यांचं चुकलं असं मला अजून म्हणवत नाही. जी बाई ती भूमिका करणार होती, तिच्या नणंदेचं लग्न ठरत होतं. तिनेही मग नको म्हटलं.

टीव्हीचं वेगळं नाही. स्थानिक केबलवर पालखी आणि चर्चचं फेस्त थेट दाखवतात, पण देवळातल्या मानापानाच्या भांडणावर चर्चा ठेवायची तर जाहिरात देणारा दुकानदार त्याच गावचा. २०११च्या जनगणनेत आम्ही साडेचौदा लाखांच्या आसपास. त्यात तियात्राचा, म्हणजे कोकणी ख्रिस्ती रंगभूमीचा, प्रेक्षक वेगळा, जत्रेतल्या नाटकाचा वेगळा. एका गटाने पाठ फिरवली तर खर्च कुठून निघायचा?

आणि २०१७ साली इफ्फीतच काय झालं? ज्यूरीने निवडलेले मल्याळम 'एस दुर्गा' आणि मराठी 'न्यूड' केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढले. ज्यूरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. आमच्यासारख्या लहान मंडळींनी त्यातून काय घ्यायचं ते घेतलं.

माझ्या लघुपटात शेवटी ओटी घरच्या तुळशीपुढे भरली गेली. लोकांनी कौतुक केलं. पण तो बदल मला कुणी सांगितला नव्हता. एका रात्री मीच बसून ते पान फाडलं, आणि तेच मला सलतं. यंदा पुन्हा अर्ज देतेय. त्याच देवळात, तोच प्रसंग.