रिकामा टब गळत नाही

खालच्या घराच्या छताला ओल आली की वरचा पाइप गळतोय, असं सगळे धरून चालतात. मी प्लंबर, तरी मीही तसंच धरून वरच्या घरी गेलो होतो. हेल्परला सांगितलं होतं, तासाभराचं काम आहे.

बाथटब नवाच होता, फायबरचा. "दोघांनी सहज उचलून वर आणला," घरमालक काका कौतुकानं म्हणाले. वेस्ट कपलिंग, म्हणजे तळाची पाणी जायची जोडणी पाहिली, खालचा वाकडा पाइप, म्हणजे ट्रॅप पाहिला, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी जायच्या वरच्या भोकाच्या तोंडात पाणी ओतलं. भिंतीलगतच्या सांध्यात भरलेल्या सिलिकॉनवर तांब्या-तांब्यानं पाणी सोडलं. सगळं ठणठणीत. दुपार कलली आणि खालून "सापडलं का?" हा तिसरा निरोप आला.

शेवटी कपलिंग जवळून बघावं म्हणून मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रिकाम्या टबात उतरलो. तळ कर्रकन वाजला. बाहेरून हेल्पर ओरडला, "दादा, हलू नका!" भिंतीजवळचं सिलिकॉन सुटून नाण्याची कड जाईल एवढी फट पडली होती. मी बाहेर आलो, फट मिटली. पुन्हा चढलो, पुन्हा उघडली. म्हणजे माणूस उभा राहून शॉवर घेणार तेव्हाच पाणी आत जाणार, आणि आम्ही तपासायला आलो की सगळं कोरडं.

पुढचं पॅनेल काढलं. चार पायांपैकी एक अधांतरी, त्याखाली फुटक्या टाइलचा तुकडा सरकवलेला. तळाखाली आधार असा काहीच नाही. जेलकोटवर, म्हणजे टबाच्या वरच्या गुळगुळीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा गेल्या होत्या. टब बदलणं भाग होतं.

काका चिडले. "हलकं ते हलकंच! आता बिडाचाच आणतो." आणि कागदावर हिशोब मांडायला बसले: टब 150 किलो, पाणी 180, मी 75.

शेवटचा आकडा मी खोडायला लावला. ओव्हरफ्लोपर्यंत भरलेल्या टबात तुम्ही आडवे झालात, की साधारण तुमच्या वजनाइतकं पाणी बाहेर जातं. ओझं जवळपास तेवढंच राहतं.

"म्हणजे आर्किमिडीज!"

"तोच. फक्त त्याच्या खालच्या मजल्यावर कुणी राहत नसावं."

तरी 330 किलो उरतातच, तेही दीड मीटर बाय 70 सेंटिमीटर जागेवर. म्हणजे चौरस मीटरला तीनशेच्या वर. घराच्या स्लॅबवर वापराचा भार साधारण चौरस मीटरला 200 किलो धरतात. तेवढ्यानं स्लॅब लगेच खाली येत नाही, पण इंजिनिअरला विचारल्याशिवाय असला टब मी बसवत नाही. ॲक्रिलिकचा टब 30 किलोच्या आसपास. पाणी धरून 210. शिवाय बिडाचा जिन्यानं वर न्यायला चार गडी लागतात, आणि वळणावर त्यातला एक शिव्या देतो. पत्र्याचा एनॅमलवाला मधला पर्याय, पण जड वस्तू पडून टवका उडाला की तिथून गंज धरतो.

दुसऱ्या दिवशी काकांबरोबर टब बघायला गेलो. फायबरच्या टबाला वरून जेलकोटचा पातळ थर असतो, तो गेला की गेला. ॲक्रिलिकचा रंग शीटच्या आरपार असतो. ओरखडा बारीक पॉलिश पेपरनं घासून काढता येतो. मात्र ते शीट तापवून व्हॅक्यूमनं साच्यावर ओढलेलं असतं, त्यामुळे जिथं जास्त ताणलं तिथं, कोपऱ्यांत आणि तळाशी, पातळ होतं. म्हणून मी टब उलटा करायला लावतो. विक्रेत्याला ते आवडत नाही. मागचा फायबर आणि रेझिनचा थर सगळीकडे सारखा आहे का, तळात बोर्ड घातलाय का, ते बघायचं आणि बोटांनी वाजवायचं. पहिले दोन रिकाम्या डब्यासारखे वाजले. तिसऱ्याचा तळ मी अंगठ्यानं पूर्ण जोर लावून दाबला, हलला नाही. तोच घेतला.

बसवताना पाय लेव्हलमध्ये घेतले आणि तळाखाली आधाराला सिमेंटचा माल भरला. हेल्परनं सवयीनं थिनरचा बोळा उचलला होता. तो हिसकावून घेतला, कारण थिनरनं ॲक्रिलिक तडकतं. मग सिलिकॉन मारायच्या आधी टब ओव्हरफ्लोपर्यंत भरला. भरलेला टब किंचित खाली बसतो, आणि तेव्हा भरलेला सांधा पुढं दाबला जातो, ताणला जात नाही. सुकेपर्यंत पाणी तसंच ठेवायचं, पूर्ण एक दिवस.

हात धुऊन वळलो तर काका खांद्यावर पंचा टाकून दारात उभे.

"भरलाय ना? मग बसतो की."

"उद्या, काका."

"पण पाणी तर आजच भरलंय."

मी हेल्परला दाराशी बसवलं आणि खालच्या घरी निरोप द्यायला गेलो.