खान्देशातल्या परसबागेत यकृतकांसाठी थोडी जागा

पावसाळ्यात अंगणात जे काही हिरवे आणि ओलसर दिसते त्या सगळ्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, आणि कोणी घसरून पडू नये म्हणून ते खराट्याने घासून किंवा खुरप्याने खरवडून टाकतो. येण्याजाण्याच्या फरशीपुरते हे योग्यच आहे. मात्र कुंडीतल्या मातीवर, तुळशीवृंदावनाच्या सावलीकडच्या पायथ्याशी किंवा शहाबादी फरशांच्या फटींमध्ये, जमिनीला घट्ट चिकटून वाढणाऱ्या आणि टोकाशी पुन्हा पुन्हा दुभंगत जाणाऱ्या चपट्या हिरव्या पट्ट्या दिसल्या, तर खुरपे क्षणभर बाजूला ठेवावे. त्या यकृतका, म्हणजेच लिव्हरवर्ट, असण्याची शक्यता मोठी आहे. शाळेत ब्रायोफायटाच्या, म्हणजे मॉस आणि यकृतका यांच्या गटाच्या, प्रकरणात रिक्सिया आणि मार्केंशिया ही नावे आपण सर्वांनी पाठ केली. त्यांपैकी रिक्सिया आपल्या घरच्या कुंडीतही उगवते, हे मात्र सहसा कोणी दाखवून दिलेले नसते.

ओळख पटवण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेसे होते. खरे शेवाळ बुळबुळीत असते आणि त्याला ठरावीक आकार नसतो. मॉसला बारीकसे उभे खोड आणि त्याभोवती इवली पाने असतात, त्यामुळे त्याचा गालिचा हाताला मऊ लागतो. आपल्याकडच्या मैदानी भागात आढळणाऱ्या बहुतेक यकृतकांना खोड आणि पाने असा भेदच नसतो. त्यांचे सगळे शरीर म्हणजे एक पसरट कायक असतो आणि तो खालच्या बाजूने केसांसारख्या मूलाभांनी माती धरून ठेवतो. अशाच चपट्या हिरव्या भागातून शिंगासारख्या बारीक उभ्या काड्या निघाल्या असतील, तर ती यकृतका नव्हे. तो तिच्या नात्यातला अँथोसिरॉस होय. खान्देशात तोही पाहुणा म्हणून आला तर आनंदच मानावा.

आपल्या भागात सर्वांत आधी भेटते ती रिक्सिया. काळ्या मातीवर तिची साधारण एक ते दोन सेंटिमीटरची वर्तुळे किंवा अर्धवर्तुळे दिसतात. प्रत्येक फाट्याच्या मधोमध एक पन्हळ असते आणि काही जातींच्या कडांना व खालच्या खवल्यांना जांभळी झाक असते. मार्केंशियाला असते तशी छत्री किंवा उभा देठ हिला कधीच येत नाही. तिचे बीजाणू, म्हणजे बियांचे काम करणारे सूक्ष्म कण, कायकाच्या आतच, पन्हळीखाली, तयार होतात आणि वरचा भाग कुजला किंवा सुकला की तिथल्या तिथे मातीत मिसळतात. भारतातील यकृतकांच्या अभ्यासाचा पाया घालणारे लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप (१८८२–१९३४) यांचे मत असे होते की, असे साधे रूप हे प्राथमिक अवस्थेचे लक्षण नसून अधिक गुंतागुंतीच्या पूर्वजांपासून एकेक अवयव कमी होत आलेले आहे. जिथे ओल जेमतेम तीन-चार महिने टिकते, तिथे देठ उभारण्यात वेळ न घालवता बीजाणू मातीत सोडून मोकळे होणे सोयीचेच म्हणायचे. हा अर्थात माझा तर्क.

डोंगराळ भागातल्या दगडी कपारींत आणि जुन्या भिंतींवर प्लाजिओकाझ्मा आणि टार्जिओनिया यांसारखे अधिक चिवट प्रकार आढळतात. ऊन वाढले की त्यांच्या कडा आत वळतात आणि खालची काळी-जांभळी बाजू वर येते. तेव्हा ती वनस्पती मेली असेच वाटते, पण पाणी मिळाले की ती पुन्हा उलगडते. सायथोडियम मात्र अगदी नाजूक. ते अर्धवट अंधाऱ्या ओल्या जागेत पिवळसर हिरव्या रंगाने चकाकते.

बागायतदार मंडळींना शंका येते ती या वनस्पती झाडांचे अन्न खातात का, याची. त्यांचे मूलाभ मातीच्या अगदी वरच्या थरातच राहतात, त्यामुळे कढीपत्ता, लिंबू किंवा केळी यांच्या मुळांशी त्यांची स्पर्धा होत नाही. उलट पावसाच्या थेंबांनी उडून जाणारी वरची माती त्या धरून ठेवतात. अपवाद रोपांच्या ट्रेचा. तिथे दाट थर साचला की बारीक बियांच्या रोपांना वर यायला जागा उरत नाही, म्हणून ट्रेमधून त्यांना निःसंकोच काढावे.

थंड हवेच्या ठिकाणांहून आलेल्या नर्सरीच्या कुंड्यांवर कधी कधी ल्युन्युलेरिया नावाची यकृतका येते. मार्केंशियाच्या कायकावर गोल कप असतात आणि पावसाच्या थेंबाच्या माऱ्याने त्यांतल्या मुकुलिका, म्हणजे नवे रोप देणारे बारीक हिरवे कण, दूर फेकल्या जातात. ल्युन्युलेरियाचा कप अर्धचंद्राकृती असतो. ती मूळची भूमध्य सागराच्या परिसरातली. आपल्या मेच्या उन्हापुढे तिचा निभाव लागणे अवघड आहे, म्हणून तिच्यासाठी फार धावपळ करू नये.

स्वागतासाठी करायचे काम थोडे आहे आणि न करण्याचे अधिक. परसाच्या सावलीकडच्या कोपऱ्यात हातभर जागा उघडी ठेवावी, तिथे पालापाचोळ्याचे आच्छादन घालू नये आणि मृगापासून हस्तापर्यंत ती खुरपू नये. मोरचूद, बोर्डो मिश्रण, ब्लीचिंग पावडर आणि मोरीचे साबणाचे पाणी यांना त्या कोपऱ्यापासून दूर ठेवावे. मोरचूद आणि बोर्डो मिश्रणातले तांबे या वनस्पतींना सोसत नाही. श्रावणात पावसाने मोठी उघडीप दिली, तर साठवलेले पावसाचे पाणी बारीक झारीने शिंपडावे. परतीचा पाऊस संपल्यावर मात्र पाणी पूर्ण थांबवावे. बहुतेक जणांना हेच जड जाते, कारण कार्तिकात रिक्सिया पिवळी पडते आणि तिला जगवण्याचा मोह होतो. ती हंगामी आहे. बीजाणू मातीत पडले की तिचे काम झालेले असते, आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ती माती तशीच कोरडी राहिलेली चालते. त्या जागेभोवती चार दगड मांडून ठेवावेत, म्हणजे दिवाळीच्या साफसफाईत घरचे कोणी ती उकरणार नाही.

तोरणमाळला किंवा पाटणादेवीला गेल्यावर तिथली यकृतका उपटून आणण्याचे कारण नाही. अभयारण्यातून वनस्पती नेता येत नाही, आणि तिथल्या ओल्या कपारीची सवय असलेली जात जळगाव-धुळ्याच्या अंगणात तगणे कठीण. ज्यांना अंगण नाही त्यांनी गावाकडच्या ओळखीच्या शेताच्या बांधावरची वरच्या थरातली मूठभर माती जूनमध्ये पसरट मातीच्या कुंडीत घालावी, ती गॅलरीत सावलीला ठेवावी आणि सतत ओलसर राहील असे पाहावे. रिक्सियाचे बीजाणू शेतातल्या मातीत बहुधा असतातच. ऑगस्टपर्यंत ती दिसली नाही, तर दुसऱ्या शेतातली माती घेऊन पाहावी.