तुम्ही विचारलंत म्हणून: ऐन मे महिन्यात गाणं कशाला?

जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या अंगाला असलेल्या एका आदिवासी गावात आम्ही काही जण दर उन्हाळ्यात दोन दिवसांचा संगीत महोत्सव भरवतो. पुण्या-मुंबईहून पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो. विहिरी आटलेल्या, ऊन मी म्हणतंय, गाव टँकरची वाट बघत बसलेलं, आणि तुम्हाला हाच महिना सापडला? पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953पासून थंडीत होतो, तसा डिसेंबरात करा. नाही तर पावसाळ्यात करा, डोंगर हिरवागार असतो, लोक धावत येतील.

लोक येतील, हे खरंच आहे. पण त्या वेळी गाव कुठे असेल?

पावसाळ्याचे चार महिने इथं धुक्यात समोरचं घर दिसत नाही. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की बाया-माणसं दिवसभर इरलं नाही तर प्लास्टिकचा कागद पांघरून खाचरात वाकलेली असतात. दिवाळीच्या सुमाराला भातकापणी, मग झोडणी. एकदा भात घरात आलं की इथं काम नाही, कारण दुसऱ्या पिकाला पाणी नाही. मग घरंच्या घरं खाली उतरतात. नारायणगावात पहाटे मजुरांचा बाजार भरतो. तिथून कुणी टोमॅटोच्या तोडणीला जातं, कुणी कांद्याला, कुणी द्राक्षांच्या बागेत. डिसेंबरात या गावातून एक चक्कर मारा. निम्म्या दारांना कुलूप, ओट्यावर म्हातारी माणसं आणि त्यांच्याभोवती नातवंडं. त्या गावात मांडव घालून मी पाहुण्यांना गाणं ऐकवू शकते, पण तो कार्यक्रम गावाचा होणार नाही.

होळीनंतर माणसं परतायला लागतात. एप्रिल-मेमध्ये बाळहिरडा, म्हणजे औषधासाठी विकली जाणारी हिरड्याची कोवळी फळं, गोळा करायचा असतो; गावात राहून रोख पैसा हातात येतो तो त्यावरच. लग्नं याच दिवसांत, जत्रा याच दिवसांत. मुंबईला नोकरीला असलेली पोरं सुट्टी काढून येतात. आणि 25 मेच्या सुमाराला रोहिणी नक्षत्र लागलं की सगळ्यांची नजर पेरणीकडे वळते. अक्षय तृतीया आणि रोहिणी यांच्यामधल्या थोड्याशा दिवसांत गाव भरलेलं असतं, आणि थोडं मोकळंही असतं. आमची तारीख तिथून येते. त्यातही चांदण्या रात्री धरायचा प्रयत्न करतो, कारण लांबच्या वाड्यांवरची माणसं कार्यक्रम संपल्यावर चालतच घरी जातात.

मोकळंही म्हणाले, पण हिरड्याला सुट्टी नसते. गोळा केलेला हिरडा अंगणात, कातळावर, जागा मिळेल तिथं वाळत घातलेला असतो. भिजला तर खराब होतो आणि व्यापारी भाव पाडतो. एका वर्षी संध्याकाळी पुण्याहून आलेले एक गायक मारवा, हा मावळतीच्या वेळचा राग, मांडत होते. आलाप अगदी रंगात आला होता आणि डोंगरामागून गडगडलं. पुढच्या रांगेतल्या एक आजी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बुवा, जरा दम धरा, हिरडा भिजंल.” बघता बघता मांडव रिकामा झाला. बुवांनी तंबोरा आडवा ठेवला आणि तेही खाली उतरले. तबलजी, पेटीवाले, पाहुणे, सगळे ताडपत्र्या धरून धावत होते. वळीव यायच्या आत हिरडा घरात गेला. वळीव पडून गेला, लोक परत येऊन बसले, पण तोवर मारव्याची वेळ सरली होती. बुवांनी त्यानंतरच्या वेळेचा यमन घेतला. इतका मन लावून ऐकलेला यमन मी मोठ्या सभागृहात क्वचित अनुभवला आहे. माझ्या लेखी आमच्या महोत्सवाचं खरं रूप त्या संध्याकाळी दिसलं.

या हवेचा वाद्यांवर काय परिणाम होतो, हेही लोक काळजीनं विचारतात. परिणाम होतो. दुपारच्या कोरड्या झळांनी कातडं ताणतं आणि तबल्याचा सूर चढतो. वळवानंतर हवा दमट झाली की तोच तबला उतरतो आणि वादकाला हातोडी घेऊन वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकत बसावं लागतं. मिरजेच्या तंबोऱ्यांचा भोपळा नाजूक, म्हणून जुन्नरपासून वरचा रस्ता ते जीपमध्ये माणसाच्या मांडीवरूनच येतात. सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं पखवाजाकडे. त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, त्यावर त्याचा घुमारा ठरतो. मे महिन्यात ती कणीक अभंग संपायच्या आत सुकायला लागते, तिच्या कडा सुटतात आणि आवाज पोकळ होतो. गावातलं रोजचं खाणं भात आणि नाचणीची भाकरी, त्यामुळे गव्हाचं पीठ प्रत्येक घरात असेलच असं नाही. म्हणून आमच्या सामानाच्या यादीत पखवाजासाठी वेगळं पीठ लिहिलेलं असतं. भजनी मंडळातला पखवाजी पोरगा स्वयंपाकाच्या चुलीपाशी येऊन म्हणतो, “मावशी, कणीक मळा की वाईच घट्ट,” आणि मावशीही भाकरी थापता थापता त्याचं काम आधी करतात.

डोंगरात गाणं आम्ही नेलं, असं कुणी समजू नये. हरिपाठ, भजन, लग्नातलं सांबळ आणि पिपाणी, जात्यावरच्या ओव्या हे सगळं इथलंच आहे. आणि जिथं ही माणसं मजुरीला जातात ते नारायणगाव म्हणजे तमाशातल्या थोर कलावंत विठाबाईंचं नारायणगाव. जत्रांच्या हंगामात तमाशा फडांच्या राहुट्या तिथं लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. इथल्या पंचांना कलावंताशी बोलणी कशी करायची, मानधन कसं ठरवायचं, मुक्कामाची सोय कशी लावायची, हे माझ्यापेक्षा किती तरी चांगलं कळतं. म्हणून कलाकार ठरवताना मी त्यांच्या शेजारी बसते, त्यांच्या जागी बसत नाही. पहिल्या संध्याकाळची पहिली बैठक ओव्या म्हणणाऱ्या बायकांची, हाही त्यांचाच निर्णय.

आता पाण्याचं. टंचाईत शासकीय टँकरनं गावाला पाणी मिळतं ते माणशी दिवसाला 20 लिटरच्या हिशेबानं. 20 लिटर म्हणजे शहरात लग्नाच्या हॉलमध्ये ठेवतात तो एक जार. त्यात पिणं, स्वयंपाक, धुणं, सगळं. आम्ही पाहुण्यांसाठी वेगळा टँकर विकत आणतो, गावाच्या वाट्याला हात लावत नाही. तरीही पाहुण्यांना माप तेच, माणशी 20 लिटर. त्यावरून बाहेरचे किती लोक बोलवायचे ते ठरतं. एका वर्षी एक प्रायोजक खूप मोठी रक्कम द्यायला तयार होते. अट एवढीच, की गर्दी कित्येक पटींनी वाढवायची. गावसभेत हिशेब मांडला, तेवढ्या माणसांना पाणी कुठून आणायचं, गाड्या कुठल्या खाचरात उभ्या करायच्या. नाही म्हणायला फार वेळ लागला नाही. पैशाचं म्हणाल तर गावाची वर्गणी, घरटी तांदूळ आणि पाहुण्यांनी स्वखुशीनं दिलेलं, यावर भागतं. तिकीट नाही.

रात्री 10 वाजता ध्वनिक्षेपक बंद. हा नियम 2000 सालापासूनचा आहे आणि तो आम्ही मनापासून पाळतो. रात्रभराची मैफल त्यामुळे होत नाही, याचं मला वाईट वाटतं. मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग, ते सावकाश ऐकायचे ते त्यानंतरच. पण सकाळी 6च्या आधीही ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि त्यातून एक फार चांगली गोष्ट निघाली. पहाटेची बैठक आम्ही देवळाच्या बंद सभामंडपात माइकशिवाय करतो. माणसं गायकापासून हातभर अंतरावर बसतात. ललत हा पहाटेचा राग चालू असताना श्वास कुठे घेतला तेही ऐकू येतं. शहरात लहानाचे मोठे झालेले कितीतरी श्रोते इथं पहिल्यांदा माइकशिवायचं गाणं ऐकतात. गावाला त्याचं नवल नाही, त्यांचं काकड्याचं भजन असंच होत आलंय.

तेव्हा यायचं असेल तर मेमध्येच या. जुन्नरपर्यंत एसटी आहे, पुढे आमची जीप येईल. पांघरूण आणा, दिवसा कितीही तापलं तरी पहाटे घाटावर गारठा असतो. पाण्याची बाटली स्वतःची आणा. आणि गडगडलं तर गाणं सोडून उठायची तयारी ठेवा, ताडपत्री धरायला माणसं लागतात.