तुम्ही विचारलेत म्हणून: कूर्मगडावर दिवसभर करता तरी काय?

शाळांना सुट्टी लागली आणि घरातली, गल्लीतली मुले बरोबर घेऊन मी कारवारला निघालो, की बेळगावच्या वडगावातले शेजारी हटकून एकच प्रश्न विचारतात. गोवा एवढा जवळ असताना तुम्ही कारवारसमोरच्या त्या एवढ्याशा बेटावर, कूर्मगडावर, का जाता, तासाभरात जे पाहून होते त्यावर अख्खा दिवस घालवून करता तरी काय? रस्त्यात उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून ते एकदा नीट लिहून काढतो.

कूर्मगड लहान आहे, म्हणूनच मी तिथे जातो. ज्या भूभागाच्या चारही सीमा मुलांना आपल्या पायांनी गाठता येतात आणि कोणती बाजू कशी आहे, ती तशीच का आहे, हे एका दिवसात डोळ्यांनी पडताळता येते, असा भूभाग आमच्या पठारावर मिळत नाही. त्यातच बेळगावच्या मुलांचे पाण्याशी नाते जरा विचित्र आहे. अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असूनही आमच्या मार्कंडेय नदीचे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून घटप्रभेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी थेट बंगालच्या उपसागराला जाते. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभासुद्धा पूर्वेकडेच वळते. पश्चिमेला जाणाऱ्या नदीचे शेवटी काय होते, हे पाहायचे तर घाट उतरावाच लागतो. रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा असे आम्ही उतरत जातो, आणि जोयडा तालुक्यातच उगम पावलेली काळी नदी घाटाखाली आम्हाला भेटते, ती कोडीबागेला समुद्रात शिरेपर्यंत. कोडीबागेत माझ्या मावशीचे घर आहे. बेळगाव आणि कारवार हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. त्या काळापासूनच्या सोयरिकी अजून टिकून आहेत, आणि आदल्या रात्रीचा आमचा मुक्काम त्यांपैकीच एका सोयरिकीच्या ओसरीवर असतो.

जाण्याचा दिवस सुट्टीवर नव्हे, तिथीवर ठरतो. किनाऱ्यावरची जुनी रीत अशी, की तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वेळेच्या सुमारास पूर्ण भरती असते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, तर त्याच्या सहा तास आधी, सकाळी पावणेदहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. चतुर्थीला हेच गणित पाऊण तास अलीकडे येते. मुलांना मी भिंतीवरचे कालनिर्णय काढून देतो आणि वैशाखातली चतुर्थी-पंचमी त्यांनाच शोधायला लावतो. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळपास उधाण असते, म्हणजे पाणी चढतेही जास्त आणि उतरतेही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा ते ना धड चढते ना धड उतरते. कारवारला उधाणातही भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपासच असतो; पण खडकाळ किनाऱ्यावर दोन मीटर म्हणजे एक सबंध जग उघडे पडणे किंवा झाकले जाणे. अष्टमीला बेटावर गेलेला माणूस निम्मे बेट न पाहता परततो, असे माझे स्पष्ट मत आहे.

होडीत बसण्यापूर्वी एक गोष्ट मी कोणाचेही ऐकून न घेता पाळतो. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे, आणि मुलाला मुलाच्या मापाचे. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले, तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खालून निसटते. २१ जानेवारी २०१९ रोजी, पौष पौर्णिमेच्या जत्रेहून परतणारी होडी याच पाण्यात उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यांत लहान मुलेही होती. हे मी मुलांना किनाऱ्यावरच, साध्या शब्दांत सांगतो. भीती घालण्याचा त्यात हेतू नसतो, पण ज्या पाण्यावर आपण जातो आहोत, त्याचा हा इतिहास त्यांना ठाऊक असलाच पाहिजे. आमचे होडीवाले तांडेलमामा होडीत जागा शिल्लक असली तरी ठरलेल्यापेक्षा एकही माणूस जास्त घेत नाहीत. दरवर्षी मी त्यांच्याच होडीने जातो, त्याचे हेच कारण आहे.

सकाळी आठच्या आत निघालो, तर समुद्र शांत असतो. उन्हाळ्यात जमीन तापू लागली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा सुटतो. दुपारी बारा-एकनंतर तो चांगलाच जोर धरतो आणि लाटांना पांढरे तुरे येतात. सकाळी मात्र नदीच्या मुखातून बाहेर पडताना पाण्याचा रंग कोठे बदलतो, हेसुद्धा दिसते. अलीकडे काळीचे मातकट पाणी, पलीकडे समुद्राचे हिरवट, आणि दोघांच्या मध्ये फेसाची, वाहून आलेल्या पानांची एक वाकडी रेघ. त्या रेघेच्या आसपास मासळी असते, आणि मासळीच्या मागे डॉल्फिन येतात. पाठीवर उंचवटा असलेली ही जात उथळ पाण्यात, नदीमुखांच्या जवळच राहते. ते दिसले की तांडेलमामा इंजिन अगदी सावकाश करतात, त्यांच्या मागे होडी पळवत नाहीत. पाठलाग करून डॉल्फिन दाखवणाऱ्यांपेक्षा अशी माणसे मुलांना अधिक शिकवतात.

बेटावर पाऊल ठेवल्यावर आम्ही वर चढत नाही. आधी ओहोटीचा खडक, मग बाकीचे सगळे.

हा खडक आमच्याकडच्या काळ्या पाषाणासारखा नसून ग्रॅनाइटच्या जातीचा आहे, आणि त्याच्यावर पाण्याच्या उंचीप्रमाणे आडवे पट्टे पडलेले असतात. सर्वांत वर, जिथे फक्त उधाणाचे तुषार पोहोचतात, तिथे दाण्याएवढे शंख भेगांत बसलेले असतात. ऊन चढले की ते तोंड मिटून घेतात आणि आतल्या ओलीवर पुढच्या भरतीपर्यंत तग धरतात. त्याखाली खडकाला चिकटलेली पांढरी, टोकदार कवचे. हात फिरवून पाहिला तर किसणीसारखी लागतात. पाणी आले की त्यांची झाकणे उघडतात आणि आतून पिसासारखे पाय बाहेर पडून पाण्यातले कण गोळा करू लागतात. त्याच्याही खाली कालवांचा पट्टा, धारदार कडांचा. अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला ती कड लागली तर खोल जखम होते, म्हणून मुलांच्या पायांत बूट असतातच. तळाशी शेवाळ, आणि खळग्यांत साचून राहिलेले पाणी.

अशाच एका खळग्यापाशी आम्ही गेल्या उन्हाळ्यात बराच वेळ बसलो होतो. खळगा परातीएवढा, पाणी वीतभर. माझ्या भाचीने सावली पडू न देता वाकून पाहिले, तर तळाचा एक शंख चालू लागला. आत शंखाचा मूळ मालक नव्हता, एक लहानसा खेकडा ते घर अंगावर घेऊन फिरत होता. थोड्या वेळाने बोटाएवढा एक मासा कपारीतून निघाला, खडकावर पोट टेकून थांबला आणि उडी मारून शेजारच्या खळग्यात गेला. भाची म्हणाली, "मामा, पाणी तापलं तर हे काय करतील?" प्रश्न अगदी नेमका होता. ओहोटीच्या त्या काही तासांत खळग्यातले पाणी तापते आणि उडून जाऊन अधिक खारट होते. पावसाळ्यात त्याच खळग्यात पावसाचे गोडे पाणी भरते. या दोन्ही टोकांना टिकतील तेच जीव तिथे राहतात, आणि जो जीव जितके सोसतो, तितक्या उंचीवर त्याचा पट्टा असतो. पुस्तकातला एक धडा वीतभर पाण्यात उलगडला. काहीही उचलून आणायचे नाही आणि उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायचा, एवढेच दोन नियम मी तिथे लावतो.

साडेदहानंतर पाणी परतू लागते आणि आपल्याला आपोआप वर ढकलते. मग किनाऱ्याच्या कडेने जमेल तिथवर चालायचे, कडा आडवा आला की वर चढायचे, पुन्हा खाली उतरायचे. जमिनीकडची बाजू दाट झाडीची आणि सावलीची आहे. समुद्राकडे वळताच झाडे खुजी होतात आणि त्यांचे शेंडे जमिनीच्या दिशेने कलतात, कारण नैऋत्येचा मोसमी वारा चार महिने त्यांना एकाच अंगाने झोडपत असतो. होड्या कोणत्या अंगाला लागतात आणि देऊळ कोठे बांधले गेले, हे त्यानंतर सांगावे लागत नाही.

देऊळ नरसिंहाचे. पौष पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते आणि कारवारच्या परिसरातून माणसे होड्यांनी येतात. बेटावर विहीरही आहे, आणि मुलांच्या दृष्टीने दिवसातले सर्वांत मोठे कोडे तेच ठरते: चहूकडे खारे पाणी असताना विहिरीचे पाणी गोडे कसे? कारवारला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो मातीत आणि खडकाच्या भेगांत मुरतो, आणि गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने ते खालून शिरणाऱ्या समुद्राच्या पाण्यावर तरंगून राहते. उपसा बेताचा असेल तोवरच ते गोडे राहते. हाव केली तर खालचे खारे पाणी वर येते. म्हणूनच आम्ही पिण्याचे पाणी घरून नेतो आणि उन्हाळ्यात बेटाच्या साठ्याला हात लावत नाही.

जेवण मावशीने बांधून दिलेले असते, दहीबुत्ती आणि तळलेल्या मिरच्या. वैशाखात होडीच्या प्रवासाला दुसरे काही मानवत नाही. त्यानंतर जुन्या तटबंदीच्या अवशेषांपाशी जाऊन चारही दिशा पाहून घ्यायच्या. पूर्वेला काळीचे मुख आणि त्याच्या उत्तर तीरावरचा सदाशिवगड. समुद्राच्या बाजूला दीपगृहाचे देवगड बेट. दक्षिणेला अंजदीव, जिथे १४९८ मध्ये वास्को द गामा परतीच्या वाटेवर थांबला होता. ते कारवारसमोर असूनही कारभाराने गोव्याचे आहे, आणि नौदलाच्या तळामुळे तिथे आपल्याला जाता येत नाही. १६६५ मध्ये बसरूरच्या स्वारीनंतर शिवाजी महाराज कारवारपर्यंत आले होते, हे मी इथेच सांगतो, कारण नदीचे मुख, गड आणि बेटे एकाच नजरेत असली की या किनाऱ्यासाठी एवढ्या सत्ता का झगडल्या, ते वेगळे समजावावे लागत नाही.

परतीची होडी एकच्या सुमारास. तांडेलमामा त्याहून उशीर करू देत नाहीत, आणि मुले कितीही हिरमुसली तरी मी तांडेलमामांच्याच बाजूने उभा राहतो. मे संपला की हा मार्ग बंद धरावा. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र खवळतो, आणि मासेमारीच्या यांत्रिक होड्यासुद्धा जून-जुलै हे दोन महिने बंदीमुळे किनाऱ्यालाच असतात.

तेव्हा ज्यांना पुढच्या वैशाखात यायचे असेल, त्यांनी मुलांची वये आणि वजने आधी कळवावीत, म्हणजे त्या मापाची जॅकेटे सांगून ठेवता येतील. माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला टोपी आणि पायांत मागून पट्टा असलेली, ओली झालेली चालेल अशी पादत्राणे प्रत्येकाने आपापली आणावीत. चतुर्थी-पंचमी कोणत्या वाराला येते, ते मुलांनाच काढू द्या.