नऊशे विड्या

कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर उभी राहिली ती फक्की, खो-खोचे मैदान आखायची पांढरी भुकटी. पहाटे साडेपाचला आम्ही मैदानावर पोचायचो, तोवर आम्हाला खेळ शिकवणाऱ्या बाईंनी पदर खोचून मध्यपाटी आणि आडव्या पाट्या आखून ठेवलेल्या असायच्या. बाईंचे नाव लिहीत नाही. त्या वर्षांतल्या आम्हा मुलींना 'बाई' म्हटले की दुसरे कुणी आठवतच नाही.

बाई स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या. खांबावर सूर मारावा तर त्यांनीच. पण मला सांगायचे आहे ते मैदानाबाहेरचे.

१९८५ साल. तेव्हा सोलापूरची कॉलेजे शिवाजी विद्यापीठात होती आणि स्पर्धा कोल्हापूरला. आमचे घर पूर्व भागात, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. कॉलेजातून आले की मी रोज तीनशे वळायचे, तेव्हा कुठे घराचा हजाराचा आकडा भरायचा. मी तीन दिवस नाही म्हणजे नऊशे विड्यांची मजुरी बुडणार. आई नाही म्हणाली. तिचे चुकत नव्हते.

रविवारी दुपारी बाई संघातल्या सहा मुलींना घेऊन घरी आल्या. आईला म्हणाल्या, "अम्मा, हिच्या नऊशे विड्या आम्ही वळून देतो. शिकवा आम्हाला." आई बघतच राहिली. मग शेजारून भिजवलेली पाने उसनी आणली. बाईंनी सूप मांडीवर घेतले, पत्र्याचे माप ठेवून पान कापले, तंबाखू भरली, सूत गुंडाळले. आईने ती विडी हातात घेतली, दाबून पाहिली आणि उलगडून टाकली. सैल विडी कारखान्यात छाटीत जाते, त्या विडीची मजुरी मिळत नाही. बाईंनी तेच पान पुन्हा घेतले. संध्याकाळपर्यंत आईच्या पसंतीला उतरलेल्या जेमतेम दोनशे झाल्या. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी सराव संपला की सगळ्या आमच्या घरी. बुधवारी रात्री आईने शेवटचा कट्टा बांधला आणि बाईंच्या हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे गाठोडे दिले. "पोर येते," एवढेच म्हणाली.

कोल्हापूरला आम्ही उपांत्य फेरीत हरलो. परतीच्या एसटीत मंगळवेढा येईपर्यंत बाई एका शब्दाने आम्हाला बोलल्या नाहीत. भाकरी मात्र त्यांनीच वाटली.

त्या खेळाच्या बळावर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. माझ्या हाताखालच्या दोन मुली राज्याच्या संघातून खेळल्या. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. टीव्हीसमोर मी एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होते. बाई त्याआधीच गेल्या होत्या. त्या मुली मॅटवर खेळत होत्या, आणि ज्या काळ्या मातीत आमचे गुडघे फुटले तिथे आज कॉलेजच्या गाड्या उभ्या असतात. इमारती हव्यात, मान्य आहे. पण एक पाटी आखण्यापुरती जागा ठेवायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून लोक परतून नुकते झोपले होते आणि पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जखमींना सोलापूरला आणत होते. बाई मुलींना घेऊन सिव्हिलमध्ये पोचल्या, तिथून उमरगा तालुक्यात गेल्या. वर्षभराने त्यांनी नोकरी सोडली आणि तिथेच राहिल्या. पत्र्याच्या शेडमध्ये, आई-वडील गेलेल्या मुलींबरोबर. त्या मुलींना छपराखाली झोप लागत नसे, म्हणून बाई त्यांच्यासोबत उघड्यावर झोपायच्या, थंडीतसुद्धा.

१९९६ मध्ये मी त्यांना भेटायला गेले. नव्या गावाच्या कडेला मोकळी जमीन होती आणि दोन टोकांना दोन खांब रोवलेले. जुनाट, काळपट लाकूड, वर कोरीव काम पुसटसे दिसत होते.

"खांब कुठून मिळाले, बाई?"

"जुन्या गावातून. पडलेल्या माळवदांचे आहेत. कापून तासून घेतले."

फक्की तिथे मिळत नव्हती. घमेल्यात चुलीतली राख होती. बाईंनी दोरीचे एक टोक माझ्या हातात दिले, दुसरे घेऊन त्या पलीकडच्या खांबाकडे गेल्या आणि तिथून ओरडल्या, "ताणून धर गं."