खात्रीचा सूर

माणसाला काही विचारलं की उत्तराआधी त्याचा चेहरा बोलतो. तो डोकं खाजवतो, ‘बहुतेक’ म्हणतो, ‘पण आणखी कुणाला तरी विचारून घ्या’ अशी पुस्ती जोडतो. मेकॅनिक गाडीखालून बाहेर येत ‘खोलून बघावं लागेल’ म्हणाला की आपण ओळखतो, त्यालाही अजून कळलेलं नाही. कुणाचं बोलणं किती मनावर घ्यायचं, हे आपण आयुष्यभर असल्या चाचरण्यावरूनच ठरवत आलो.

एआयला चाचरणं फारसं येत नाही. पाणी किती अंशांना उकळतं हे सांगतानाचा आणि शुद्ध थाप मारतानाचा त्याचा सूर एकच.

मध्यंतरी आमचं वॉशिंग मशीन अडून बसलं. पडद्यावर कसलासा कोड. एआयला विचारलं तर क्षणात उत्तर हजर. मुद्देसूद, क्रमांक घातलेलं. ‘पॅनेलवरचं तिसरं बटण दाबून धरा.’ आमच्या मशीनला बटणं दोनच. तसं कळवल्यावर ‘तुमचं अगदी बरोबर आहे, क्षमस्व’ म्हणत त्यानं गोल नॉब फिरवायला सांगितला. नॉबही नाही. माफी मात्र दर वेळी तितकीच मनापासून! अखेर माळ्यावरची माहितीपुस्तिका काढली. पाणी बाहेर जाण्याची जाळी तुंबली होती, एवढंच.

यात त्याची लबाडी नसते, हे मान्य. अफाट मजकुरावर शिकून, पुढे कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज घेत घेत ते वाक्य जुळवतं. पुष्कळ मशीनना तिसरं बटण असतं, मग आमच्याही असणार! ज्या विषयावर भरपूर लिहिलं गेलंय तिथे हा अंदाज बहुधा बरोबर येतो. जिथे लिखाण विरळ, तिथेही वाक्य तितकंच सुबक उतरतं, आणि घोळ तिथेच होतो.

बरं, ‘नक्की ना?’ असं त्यालाच विचारून भागत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं पुरवलेले निवाडे कोर्टापुढे ठेवले. ते कधी झालेच नव्हते. त्यातल्या एका वकिलानं तर ‘हा निवाडा खरा आहे ना?’ असं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. ते ‘हो’ म्हणालं, वर तो कायद्याच्या कुठल्या संग्रहांत सापडेल तेही सांगून मोकळं झालं. आरोपीलाच साक्षीला बोलावण्यातला प्रकार. पाच हजार डॉलरचा दंड झाला.

मी ते वापरायचं सोडलेलं नाही. रटाळ अर्जाचा मसुदा, एक्सेलचं सूत्र अशी कामं खुशाल सोपवते. सूत्र चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. औषधाचा डोस मात्र विचारत नाही.

आता ही ॲप्स तळाशी बारीक अक्षरांत ‘चुका होऊ शकतात’ असं लिहितात. पण ती ओळ बरोबर उत्तराखालीही असते आणि चुकीच्या उत्तराखालीही, मग तिच्यावरून ओळखायचं काय? म्हणून परवा मी त्याला बजावलं, प्रत्येक उत्तराखाली तुझी खात्री किती तेही लिहीत जा. त्यानं आनंदानं होकार दिला आणि पहिल्याच उत्तराखाली ‘९० टक्के’ लिहिलं. हे नव्वद कुठून काढलेस, विचारलं.

त्याचंही उत्तर लगेच आलं, मुद्देसूद, क्रमांक घातलेलं.