कॉलरला हात लावू नये

फॅशन बदलते म्हणजे बहुतेक वेळा नुसती लांबी-रुंदी बदलते. शर्ट कमरेच्या वर चढतो, पँटचा घेर गुडघ्याखाली पसरतो, खांद्याची शिलाई ओघळून दंडावर येते. कापड तेच, कॉलर तीच, काजं-बटणंही तीच. दुकानाच्या काचेआडचा नवाकोरा शर्ट आणि कपाटाच्या तळाशी कधीचा पडून असलेला शर्ट यांच्यात पुष्कळदा १०-१५ सेंटीमीटरांचंच अंतर असतं, आणि ते कात्रीनं मिटतं.

नवशिक्याचा उत्साह मात्र भलत्या टोकानं सुरू होतो. आधी कापड येतं. मग दोरा, बकरम, चेन, बटणं, अस्तर. या सगळ्याची बेरीज बघता बघता तयार कपड्याच्या पुढे निघून जाते, आणि शिलाईतली सगळ्यात अवघड कामं अजून व्हायचीच असतात: कॉलरची दोन्ही टोकं सारखी यायला हवीत, काज विसकटायला नको, चेन सरळ बसायला हवी. कारखान्यात यातल्या प्रत्येक कामाला वेगळं मशीन आणि वेगळा सराईत हात असतो. दिवसभर फक्त कॉलरच लावणाऱ्या माणसाशी स्पर्धा कशाला करायची? त्यानं लावलेली कॉलर आयती मिळते आहे, ती घ्यावी. कमी खर्चात फॅशनेबल दिसायचं तर आधीच शिवलेलं पुन्हा शिवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉलर, कफ, काजपट्टी, चेन, कमरपट्टी, खिसे यांना हात लावायचा नाही. कापल्यावर फक्त सरळ टीप मारायची उरेल, तिथेच कापायचं.

ढगळ शर्टाचा आखूड शर्ट करणं हा याचा सगळ्यात सोपा नमुना, आणि तरीही त्यात फसणारे कमी नाहीत. फसायचं कारण एकच: माप टेबलावर घेतलेलं असतं. शर्ट अंगात घालून, सगळी बटणं लावून, आरशासमोर दोन्ही हात वर करावेत. मुंढे, म्हणजे बाहीचे जोड, खाली उतरलेला ढगळ शर्ट हात उचलताच पाच-सात सेंटीमीटर सहज वर जातो. त्या अवस्थेत कड जिथे असलेली चालेल, तिथे टाचणी लावावी. मग शर्ट काढून, बटणं लावलेलीच ठेवून सपाट पसरावा आणि टाचणीच्या खाली ३ सेंटीमीटर माया, म्हणजे दुमडीसाठी किंवा शिलाईसाठी सोडायचं जास्तीचं कापड, सोडून खडूनं रेघ ओढावी. त्यातला १ सेंटीमीटर पहिल्या घडीत जातो, २ सेंटीमीटर दुसऱ्या. कापण्याआधी शेवटच्या बटणाकडे बघायचं. तयार कड त्या बटणाच्या निदान ३ सेंटीमीटर खाली यायला हवी, आणि कुठलंही काज दुमडीच्या घडीत सापडता कामा नये. सापडलं तर कडेची रेघ वर-खाली सरकवावी. काज सरकत नाही.

कड गोलाकार हवी असेल तर मात्र रुंद दुमड विसरावी. गोलाईवर बाहेरची कड आतल्या रेषेपेक्षा लांब असते. ती घडी होऊन आत गेली की जास्तीचं कापड कुठेतरी मावावं लागतं, आणि ते चुण्या होऊन मावतं. तिथे अर्धा अधिक अर्धा, एवढी १ सेंटीमीटरचीच बारीक दुमड बरी. पुढच्या काजपट्टीपाशी पदरावर पदर येऊन मशीनचा पाय, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारी पट्टी, मागे कलतो आणि टाके आखूड होत एकाच जागी साचतात. कापडाचा तुकडा तेवढ्याच जाडीची घडी करून पायाच्या मागच्या बाजूखाली सरकवला, की पाय सपाट होतो आणि टीप पुढे चालू लागते. हे साधं काम कित्येक जण मशीन बिघडलं समजून दुरुस्तीवाल्याकडे नेतात.

मशीनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं घरटं झालं की सगळे खालच्या दोऱ्याच्या बॉबिनकडे संशयानं बघतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. दोरा ओवताना मशीनचा पाय खाली असेल तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्या मधून न जाता वरूनच जातो आणि त्याला ताणच मिळत नाही. पाय वर करून पुन्हा ओवावा. त्यानंही भागलं नाही तर सुई बदलावी. सुई साधारण आठ तासांच्या शिलाईनंतर बोथट होते, आणि एवढी स्वस्त वस्तू बदलायला माणसं एवढी का कचरतात, हे मला कधी कळलेलं नाही.

कापलेला भाग टाकायचा नाही हे वेगळं सांगायला नको. शर्टाच्या खालच्या पट्टीची एक कड आधीच दुमडलेली असते. ती तशीच ठेवून उरलेल्या तीन बाजू बारीक दुमडल्या की केसांना किंवा बॅगेच्या दांडीला बांधायचा रुमाल होतो. त्याच पट्टीतून १० सेंटीमीटर रुंद आणि ५० सेंटीमीटर लांब तुकडा निघाला तर केसांचा चुणीदार रबर होतो. तुकडा उलट बाजूनं उभा दुमडून नळी शिवावी, सुलट करावी, आत १८ ते २० सेंटीमीटरचं बारीक इलॅस्टिक ओवून दोन्ही टोकं पक्की बांधावीत आणि तोंड हातशिलाईनं मिटवावं. इलॅस्टिक ओवताना त्याचं दुसरं टोक नळीच्या तोंडाशी सेफ्टी पिनेनं अडकवून ठेवावं. नाहीतर शेवटच्या क्षणी ते आत पळतं.

खरी मजा जीन्समध्ये आहे, कारण डेनिम कसं विणलेलं असतं ते कळलं की अर्धी फॅशन हातात येते. यात उभे धागे निळे आणि आडवे धागे पांढरे. गुडघ्यावर तो फाटका, पांढऱ्या धाग्यांची जाळी दिसणारा भाग हवा असेल तर साधारण २ सेंटीमीटर अंतरावर दोन आडवे छेद द्यावेत आणि मधले उभे निळे धागे चिमट्यानं एकेक करून ओढून काढावेत. पांढरे आडवे जागेवर राहतात. खाली झालर हवी असेल तर उलट: तळाशी आडवं कापून पांढरे धागे उसवायचे, निळे लोंबत राहतात. झालर कुठे थांबावी हे मात्र आधी ठरवावं. कापलेल्या कडेच्या २ सेंटीमीटर वर बारीक टाक्याची एक टीप मारली की उसवणं तिथे अडतं. टीप नसेल तर दर धुण्याला झालर वाढत जाते आणि पँट आखूड होत जाते. गुडघ्याच्या छेदाला आतून इस्त्रीनं चिकटणारं कापड लावणं हौस नव्हे, गरज आहे. पँट घालताना पायाचा अंगठा नेमका त्या जाळीत शिरतो आणि कलाकुसरीचा एका झटक्यात बोगदा होतो.

हे सगळं निव्वळ सुती जीन्सवर. लेबलवर स्पँडेक्स किंवा इलास्टेन लिहिलं असेल तर ताण बहुतेक आडव्या धाग्यातच असतो. निळे धागे काढले की ते पांढरे धागे सैल पडून लोंबतात आणि गुडघा म्हाताऱ्या मोज्यासारखा दिसायला लागतो.

अरुंद पायाची जीन्स खाली पसरट करायची असेल तर बाहेरची शिलाई उसवावी, आतली नाही. आतली बहुतेक जीन्समध्ये एकमेकांत दुमडून दोन टिपांनी पक्की केलेली असते आणि उसवताना जीव खाते. बाहेरची साधी असते. गुडघ्यापर्यंत ती उघडून मध्ये त्रिकोणी तुकडा घालायचा. उंची सुमारे ४० सेंटीमीटर, पाया १८ ते २०, शिवाय तिन्ही बाजूंना दीड सेंटीमीटर माया. त्रिकोणाच्या मधोमध कापडाचा उभा धागा यायला हवा. धागा एका बाजूला कलला तर पँट चालताना त्याच बाजूला वळते. शिवताना सुरुवात टोकापासून करून खाली यावं, आधी एक बाजू आणि मग दुसरी. खालून वर शिवत गेलं की साठत आलेलं जास्तीचं कापड नेमकं टोकावर जमतं आणि तिथे फोड आल्यासारखा फुगवटा राहतो. त्रिकोणाच्या दोन्ही बाजू तिरक्या कापलेल्या असल्यामुळे त्या ताणल्या जातात. म्हणून पँट एक रात्र टांगून ठेवावी, कापड जेवढं उतरायचं तेवढं उतरू द्यावं आणि मगच खालची कड कापून दुमडावी.

डेनिमला १६ नंबरची सुई आणि साडेतीन मिलिमीटरचा टाका लागतो. शिलाईवर शिलाई येते तिथे आधी कापडावरून हातोडीचे दोन-चार ठोके द्यावेत. धागे चेपतात आणि सुई सुखानं उतरते. मशीनचं चाक तेवढ्यापुरतं हातानं फिरवावं. खिशाच्या कोपऱ्यांवरच्या रिव्हेटपासून, म्हणजे धातूच्या ठोकलेल्या टिकल्यांपासून तर लांबच राहावं. शिंपी जेकब डेव्हिस आणि कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांनी १८७३ साली या रिव्हेटचं पेटंट घेतलं ते कष्टाच्या कामात खिसे फाटू नयेत म्हणून, आणि ते अजून आपलं काम चोख करतात. सुई त्यांच्यावर आपटली की तुकडा डोळ्याच्या दिशेनं उडू शकतो.

नवं कापड न आणता स्कर्ट हवा असेल तर चादर घ्यावी. पन्हा मोठा आणि चारही कडा तयार. चादर झिजते ती मधोमध, त्यामुळे उजेडासमोर धरून बघावं आणि उशाच्या किंवा पायथ्याच्या बाजूनं कापावं. नितंबाचं माप १०० सेंटीमीटर असेल तर दीडपट, म्हणजे १५० सेंटीमीटर रुंदी पुरते. चुण्या दाट हव्या तर दुप्पट. चादरीची तयार कड स्कर्टच्या खाली ठेवली की दुमडायचं काम वाचतं. वर नेफ्यासाठी ४ सेंटीमीटर सोडायचे: १ आत, ३ खाली. त्यात अडीच सेंटीमीटरचं इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा ५ सेंटीमीटर कमी घेऊन ओवायचं. ते आत पिळा खातं म्हणून बाजूच्या शिलाईवर नेफ्यातून आरपार एक उभी टीप मारावी. जुनी चादर आटायची ती आटून गेलेली असते, हा आणखी एक फायदा. नवं सुती कापड मात्र कापण्याआधी धुवायलाच हवं. जुन्याला नवं जोडलं आणि नवं नंतर आटलं, तर सगळी शिलाई ओढल्यासारखी दिसते.

टी-शर्ट हा आळशी माणसाचा खरा मित्र. त्याचं कापड डेनिमसारखं उभ्या-आडव्या धाग्यांचं नसून फासात फास अडकवून विणलेलं असतं. ते उसवत नाही, म्हणून कड नुसती कापून सोडली तरी चालते. ती थोडी गुंडाळली जाते आणि तेच छान दिसतं. शिवायचंच असेल तर गोल टोकाची सुई आणि बारीक झिगझॅग टाका. टोकदार सुई विणीचे फास तोडते, आणि सरळ टीप डोक्यातून घालताना पहिल्याच ताणाला कट्कन तुटते.

रंगाच्या बाबतीत लोक फार धाडस करतात. धुण्याच्या सोड्याबरोबर वापरायचे रंग सुती, लिनन, रेयॉन यांवर उत्तम चढतात आणि पॉलिएस्टरवर जवळजवळ मुळीच नाहीत. शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, त्यामुळे पांढरा शर्ट काळ्यात बुडवला की शर्ट काळा होतो आणि टिपा पांढऱ्याच राहतात. आधीपासून तसंच करायचं होतं असा चेहरा ठेवावा. महागड्या कपड्यांवर हेच मुद्दाम करतात. ब्लीचनं नक्षी काढायची तर एक भाग ब्लीच, दोन भाग पाणी, हातात मोजे आणि खिडकी उघडी. काळा सुती कपडा पांढरा न होता विटकरी होतो, कारण तो काळा रंग अनेक रंगांच्या मिश्रणाचा असतो. रेशीम आणि लोकर ब्लीचमध्ये विरघळतात, स्पँडेक्सचा ताण जातो. हवी ती छटा येण्याच्या किंचित आधी थांबावं, भरपूर पाण्यात खंगाळावं आणि मग ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दसपट पाण्यात मिसळून त्यात कपडा दहा मिनिटं ठेवावा. नाहीतर उरलेलं ब्लीच आतून धागा खात राहतं. ब्लीच थांबवायला व्हिनेगर कधीही वापरू नये. त्या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

घरी केलेलं घरी केल्यासारखं का दिसतं, याचं उत्तर शिलाईत कमी आणि इस्त्रीत जास्त असतं. प्रत्येक टीप मारल्यावर, दुसरी शिलाई तिच्यावरून जाण्याआधी, ती इस्त्रीनं दाबून घ्यावी. घासायची नाही; उचलून ठेवायची, उचलून ठेवायची. घासली की तिरकं कापड लांबतं. एवढं केलं तर वाकडी टीपसुद्धा अंगावर खपून जाते.

दागिन्यांचं काम त्यामानानं हलकं. जुन्या तुटक्या माळांमधले मणी, शर्टाची सुटी बटणं, जीन्सच्या शिलाईची जाड पट्टी, काहीही चालतं. नवे घ्यायचे ते फक्त कानातले हूक, आणि ते स्टेनलेस स्टीलचे किंवा टायटॅनियमचे. स्वस्त हुकांतल्या निकेलनं अनेकांचे कान सुजतात. जोडकडी, म्हणजे हूक आणि मणी जोडणारी छोटी कडी, उघडताना दोन पकडींनी तिची टोकं पुढे-मागे सरकवावीत. बाजूला फाकवली की गोलाई बिघडते, फट कधीच नीट मिटत नाही आणि एक डूल रस्त्यात राहतो. ब्रेसलेटला ०.८ मिलिमीटरचा ताणदार दोरा घ्यावा आणि ओवण्याआधी दोन-चारदा जोरानं ताणून घ्यावा, नाहीतर तो घातल्यावर सैल होतो आणि मण्यांमध्ये फट दिसते. गाठ मारताना दोरा एकदाऐवजी दोनदा गुंडाळून आवळावा, वर डिंकाचा थेंब द्यावा आणि गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात ओढून घ्यावी. डिंक रात्रभर सुकू द्यावा. घाईनं लगेच मनगटात घातलं तर गाठ सरकते, मणी घरभर होतात, आणि झाडू फिरवूनही त्यातले दोन कपाटाखालीच राहतात.